भिंगरीबाईंची खुर्ची

आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंना मुलं भिंगरीबाई म्हणतात. मी नुसतं भिंगरी म्हणते, तेही तोंडावर. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं एकमेकांना चिकटून आहेत आणि तिच्या येरझाऱ्यांनी माझं टेबल सारखं हलतं. मी गणित शिकवते. मला टेबल हललेलं चालत नाही, टोपण न लावता टाकलेलं पेन चालत नाही, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीशी जाऊन उभी राहणारी माणसं तर मुळीच चालत नाहीत. भिंगरी हे सगळं करते. तरी इतक्या वर्षांत मी टेबल बदलून मागितलेलं नाही. का, ते मला विचारू नका.

ती बसून शिकवत नाही, बसून पेपर तपासत नाही, चहासुद्धा बसून पीत नाही. पेपर डाव्या हातावर घेऊन व्हरांड्यात फिरत फिरत गुण देते, म्हणून तिचा सात कधी एक वाटतो आणि मुलं भांडायला येतात. तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे, अतिशय शांत गृहस्थ. एकदा मला म्हणाला, "ताई, आमच्याकडे भांडण झालं तरी मला मान वळवत वळवत भांडावं लागतं." ती तेव्हा दोघांच्या मधून पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती आणि तिने ते ऐकलंसुद्धा नाही.

आता बाई बसतच नाहीत म्हटल्यावर वर्गातली त्यांची खुर्ची रिकामीच. भिंगरीने ती कामाला लावली. कुठलाही धडा आला की खुर्ची फळ्याच्या मधोमध यायची आणि एकाने तीत बसायचं, त्या काळातलं माणूस होऊन. राजा कुणालाच होता यायचं नाही. राजाचा आचारी व्हा, कर गोळा करणारा कारकून व्हा, वेढा पडलेल्या गावात पाणी भरणारी बाई व्हा. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि खुर्चीतल्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. 'माहीत नाही' म्हणायची सोय नव्हती. माहीत नसेल तर त्या काळात शोभेल असं रचायचं. तिच्या आणि माझ्या वर्गात लाकडी फळ्यांची भिंत आहे. पलीकडे कुणीतरी आचारी सैन्याला उपाशी ठेवल्याबद्दल शिव्या खात असायचा, आणि अलीकडे माझी मुलं वर्गमूळ सोडून कान टवकारून बसायची. माझ्या डोक्याला किती ताप झाला ते सांगून उपयोग नाही. पण तिची मुलं इतिहासात नापास होत नसत, हेही खरं.

मग दहावीचं पुस्तक बदललं. शेवटून दुसरा धडा नवा आला, 'आपले इतर बांधव'. दीड पानाचा. वेगळी भाषा बोलणारे, वेगळी प्रार्थना करणारे, देशात जे जे कोणी थोडे थोडे आहेत ते सगळे त्या दीड पानात दाटीवाटीने उभे केलेले. प्रत्येकाला एक परिच्छेद, एक पोशाख आणि शेवटी एक ओळ, 'यांचे राष्ट्राच्या जडणघडणीत मोलाचे योगदान आहे.'

भिंगरीने तो धडा वाचला आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"योगदान!" ती म्हणाली. "आपला तो इतिहास, आणि यांचं फक्त योगदान. जसं काही वर्गणी देऊन गेलेत. आणि हे बघ, हे ऐक. 'या काळात काही कुटुंबांनी स्थलांतर केले.' स्थलांतर? स्थलांतर बगळे करतात!"

"पुस्तक आपटू नकोस, माझी शाई सांडेल," मी म्हटलं.

ती ओळ आमच्याच गावातल्या काचवाल्यांबद्दल होती. बाजारामागच्या उतारावर त्यांची वस्ती. घरात भाषा वेगळी, जी सीमेपलीकडे बोलतात ती. प्रार्थनाघर वेगळं, बुटक्या दाराचं, आत जाताना वाकावं लागेल असं. पिढ्यान्‌पिढ्या खिडक्यांच्या काचा बसवायच्या, आरसे करायचे, म्हणून गावाने सरसकट नाव ठेवलं काचवाले. एके काळी तो जवळजवळ सगळा उतार त्यांचा होता. मग एक वर्ष असं आलं की आठवड्याभरात वस्ती रिकामी झाली. घरं फुटली, माणसं गेली, काही जिवानिशी गेली. पुढे काही वर्षांनी थोडे परत आले आणि उताराच्या अगदी तळाशी राहिले. गावात त्याला 'ते वर्ष' म्हणतात, आणि एवढं म्हणून झालं की माणसं हवेबद्दल बोलायला लागतात.

भिंगरीच्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी होती. माझ्याही वर्गात होती, कारण दहावीचं गणित मीच घेते. मी तिला काचवाल्यांची मुलगी म्हणते हे मला आवडत नाही, पण गाव तसंच म्हणतं आणि माझीही जीभ तशीच वळलीय. गणितात तिचं उत्तर आधी यायचं आणि पायऱ्या मागाहून. पायऱ्यांचे गुण मी कापायचे, ती हसायची, पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिच्या बाकावर तिची मैत्रीण बसायची, बोलकी, गोल चेहऱ्याची, दोघींचा डबा एक. काचवाल्यांची मुलगी स्वतः मात्र वर्गात फारसं बोलत नसे. कुणी घरचं काही विचारलं की हसायची आणि दुसरंच काहीतरी काढायची.

धडा शिकवायच्या आदल्या दिवशी भिंगरी माझ्या टेबलाभोवती फिरत म्हणाली, "उद्या खुर्चीत मी तिला बसवणार."

"कोण म्हणून?"

"कोण म्हणून काय? ती म्हणूनच! इतके दिवस सोंगं चालली. आता या धड्यातलं खरं माणूस वर्गात बसलंय, तर सोंग कशाला? पुस्तकात नाही ते मुलांना तिच्याकडून कळेल."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. 'बरं बाई' म्हणाली."

"अगं, मी रविवारचा जादा तास लावते म्हटलं तरी ती 'बरं बाई'च म्हणते."

पण भिंगरी तोवर दारापर्यंत पोचली होती. तिच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की पाय आधी चालू पडतात. मीही पुढे काही बोलले नाही. मलाही वाटलं, चांगलंच होईल.

दुसऱ्या दिवशी मी अलीकडे समीकरणं घालून देत होते. पलीकडून आधी नेहमीसारखा गलका आला. तुम्ही प्रार्थना कशी करता? दार एवढं बुटकं का? तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखव ना. तिने काहीतरी बोलून दाखवलं, आणि वर्ग हसला. वाईट नव्हतं ते हसणं, पण हसला. आणखी एक वाक्य, पुन्हा हशा. मग तिथला एक मुलगा आहे, सगळे त्याला पुढारी म्हणतात, कारण निवडणूक असो नसो, त्याचं भाषण तयार असतं. त्याचा आवाज आला.

"तुम्ही एकदा गेला होतात ना? मग परत का आलात? इथे काय राहिलं होतं?"

"घर राहिलं होतं," ती म्हणाली.

"मग तिथेच का नाही राहत?"

"परत आलो तेव्हा तिथे दुसरे राहत होते."

"कोण?"

पलीकडे आवाज थांबले. माझ्या वर्गातही खडूचा आवाज थांबला, कारण माझाच हात थांबला होता. आणि मग भिंगरीचा आवाज आला, रोजच्यासारखा, हसरा, चालता चालता बोलल्यासारखा. "खुर्चीत बसलं की उत्तर द्यायचं, ठाऊक आहे ना?"

हे वाक्य ती वर्षभर म्हणायची. सवयीने निघून गेलं, असं ती नंतर मला किती वेळा म्हणाली त्याची मोजदाद नाही. ती खिडकीशी होती, मुलीकडे तिची पाठ होती.

"हिचे आजोबा," मुलगी म्हणाली.

हिचे म्हणजे तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचे. उताराच्या मध्यावरचं ते घर, ज्याच्या अंगणात दोघी अभ्यासाला बसायच्या. काचवाल्यांच्या मुलीला ते पहिल्यापासून माहीत होतं. मैत्रिणीला नव्हतं. ती आधी हसली म्हणे, तिला वाटलं ही रचून सांगतेय, जसं सगळेच रचतात. मग हिचा चेहरा पाहिला आणि रडत वर्गाबाहेर पळाली. तिचा पाय लागून पाण्याची बाटली पडली, तो आवाज मी अलीकडून ऐकला.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण पहिल्या बाकावर बसली. आणि काचवाल्यांची मुलगी शाळेत आली नाही. त्यानंतरही आली नाही.

मैत्रिणीचे वडील मात्र आले, तडक मुख्याध्यापकांकडे. ते घर सरकारी कागद करून घेतलंय, पोरीला शाळेत बोलावून चोर ठरवता काय, वगैरे. आवाज व्हरांड्यात येत होता. आमचे मोठे सर भांडणाला भितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मग भिंगरीला बोलावलं.

"बाई, धडा वाचून घ्यायचा," ते म्हणाले. "परीक्षेला त्यावर दोन गुणांचा प्रश्न आहे. दोन गुणांसाठी गाव पेटवू नका. आणि ती खुर्ची वगैरे बंद."

शिपाईमामांनी तिच्या वर्गातली खुर्ची उचलून मोठ्या सरांच्या खोलीत नेऊन ठेवली. जाताना मामा मला म्हणाले, "बसत नव्हत्याच म्हणा त्या." मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

भिंगरीचं त्या दिवसांत जे काही झालं ते बघवत नव्हतं. आधीच तिचा पाय एका जागी ठरत नाही, त्यात ही घालमेल. मधल्या सुट्टीत ती उतारावर जायची, मुलीच्या वडिलांच्या काचेच्या दुकानासमोरून चालत जायची, दारात पाऊल टाकायचा धीर व्हायचा नाही, तशीच परत यायची. तासाला उशीर व्हायचा. मुलांनी विचारलेलं तिला ऐकू यायचं नाही. तिच्यावर ओरडायची संधी मला आयती होती, आणि मी ओरडले. "घातलंस ना त्या पोरीला पिंजऱ्यात? तिकीट लावायचं तेवढं राहिलं होतं!" तिने माझ्या टेबलावरचं स्वतःचं पेन उचललं आणि त्याला टोपण लावलं. उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग कळलं की परीक्षेआधीची सुट्टी लागली की मुलीला मामाकडे पाठवणार आहेत, सीमेपलीकडे. तिथे त्यांच्या भाषेच्या शाळा आहेत. म्हणजे दहावी बुडणार, वर्ष पुन्हा पहिल्यापासून, आणि एकदा तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही. सुट्टी तोंडावर आली होती.

"चल," मी भिंगरीला म्हटलं. "मी येते. गणिताचा अभ्यासक्रम राहिलाय म्हणून आले असं सांगेन."

काचवाल्याचं दुकान म्हणजे एक लांब खोली. भिंतीला काचा टेकवून ठेवलेल्या, दोन काचांमध्ये जुनी वर्तमानपत्रं. मधल्या टेबलावर जाड कांबळं पसरलेलं, आणि त्यावर मुलीचे वडील पट्टी धरून काच कापत होते. कापायची हिरकणी त्यांनी ओळीच्या शेवटापर्यंत नेली, काच टेबलाच्या कडेला दाबून मोडली, आणि मगच मान वर केली. आमच्या शाळेच्या खिडक्यांच्या काचा दरवर्षी तेच बसवतात. त्यांनी आम्हाला बसायला स्टुलं दिली, पाणी दिलं. भिंगरी उभीच राहिली.

"मुलीला बरं नाही," ते म्हणाले.

"काय होतंय?" मी विचारलं.

त्यांनी कापलेली काच उजेडाकडे धरून पाहिली. "बाई, तुम्ही दोघी चांगल्या आहात. मनात काही नव्हतं तुमच्या, ते कळतं. पण आम्ही तिला लहानपणापासून एकच शिकवलं होतं. कुणी विचारलं तर हसायचं, आणि विषय बदलायचा. त्यावर चाललं होतं आमचं. तुम्ही तिला उत्तर द्यायला लावलंत. आता मला रोज त्या मैत्रिणीच्या घरावरून जावं लागतं, आणि ते दार लावून घेतात. आधी हात तरी करायचे."

आतलं दार उघडून मुलगी बाहेर आली. ती आजारी दिसत नव्हती. रागावलेली दिसत होती, आणि मला ते पाहून खरं सांगते, बरं वाटलं.

"बाई, एक विचारू?" ती भिंगरीला म्हणाली.

"विचार ना."

"वर्षभर सगळे दुसरं कुणीतरी होऊन बसले. आचारी झाले, शिपाई झाले. खोटं बोलले, मजा केली, उठून जागेवर गेले. मलाच का मी म्हणून बसवलंत?"

भिंगरी उभी होती तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा एका जागी पाहत होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं म्हटलं की झालं का? मी आता कुठल्या बाकावर बसू?"

"अगं," वडील म्हणाले, "बाईंशी असं बोलतात का?"

"बोलू द्या तिला," भिंगरी म्हणाली. "काय करू सांग. तू सांगशील ते करते."

मुलीने जरा विचार केला. फळ्यावर उदाहरण लिहिलं की ती जशी भुवया आवळते तशा आवळल्या.

"तुम्ही बसा खुर्चीत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणूनच. सोंग नाही. आणि सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. मग मी येईन."

परतताना सबंध उतारभर भिंगरी माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. वर आल्यावर म्हणाली, "मला ठाऊक आहे ती काय विचारणार." आणि घरी न जाता भावाच्या घराकडे वळली, तिची आई तिथे असते.

मोठ्या सरांना आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी समिती नेमली असती, आणि मुलगी तोवर मामाच्या शाळेत पोचली असती. खुर्ची त्यांच्याच खोलीत होती, म्हणून मी माझी दिली, शिक्षकांच्या खोलीतली. "परत आण," मी म्हटलं, "आणि पाय घासू नकोस, पॉलिश आहे." भिंगरीने खुर्ची उचलली, दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"तूही ये. कुणीतरी मोठं माणूस वर्गात पाहिजे. नाहीतर मी उठून पळून जाईन."

माझ्या वर्गाला गणितं घालून दिली आणि तिच्या वर्गात मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. काचवाल्यांची मुलगी आली होती, शेवटच्या बाकावर एकटी. मैत्रीण पहिल्या बाकावर, ताठ, मागे न बघता. भिंगरी माझ्या खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तरी गुडघा उडतच होता.

पुढारी उठला. त्याला वातावरण कळलेलं नव्हतं, किंवा कळलं म्हणूनच तो उठला. "बाई, तुम्ही कोण आहात? म्हणजे खुर्चीतल्या."

"मी मीच आहे. याच गावची. काचवाली नसलेली."

हे असं कुणी स्वतःबद्दल सांगत नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एका मुलीने हळूच विचारलं, "तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा ना."

"हीच की माझी भाषा," भिंगरी म्हणाली. "ही बोलतेय." कुणी हसलं नाही. विचारणाऱ्या मुलीचे कान लाल झाले.

"तुम्ही प्रार्थना कशी करता?"

"घाईघाईत. गॅसवर दूध असतं." यावर थोडं हसू आलं, पण लगेच विरलं.

मग शेवटच्या बाकावरून ती उठली. "बाई, त्या वर्षी तुमच्या घरचे कुठे होते?"

भिंगरीने एक श्वास घेतला. "घरात. मी दीड वर्षाची होते. मला काल आईने सांगितलं. तोवर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी इतिहास शिकवते, आणि विचारलं नव्हतं. संध्याकाळी गल्लीत निरोप फिरला. ज्यांना आपल्या घराला धक्का लागायला नको असेल त्यांनी दारावर चुन्याने गोल काढा. बाबांनी काढला. आमच्या शेजारी काचवाले राहायचे. आरसे करायचे ते. त्यांची मुलगी माझा पाळणा हलवायला यायची. त्यांच्या दारावर गोल नव्हता."

"तुमच्याकडे चुना होता ना?" मुलीने विचारलं.

"होता."

"मग त्यांच्या दारावर का नाही काढला?"

मला भिंगरीची दया आली, आणि राग आला, आणि वाटलं हिने आता उठावं, घंटा व्हावी, काहीतरी व्हावं.

"हेच मी आईला विचारलं," भिंगरी म्हणाली. "आई म्हणाली, सुचलं नाही. मग बराच वेळ गप्प बसली. आणि म्हणाली, सुचलं होतं."

मुलगी उभीच होती. मग खाली बसली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मैत्रीण उठली. कधीपासून रडत होती कोण जाणे, आवाज पार बसला होता. "बाई, मी त्याच घरात राहते. जन्मापासून. माझी खोली आहे तिथे. मी आता काय करायचं?"

"मला नको विचारूस," भिंगरी म्हणाली. "मी काही सांगितलं तर ते रचलेलं असेल. ती मागे बसलीय. तिला विचार."

मैत्रिणीने दप्तर उचललं. दोन बाकांच्या मधून मागे जाताना तिचं दप्तर सगळ्यांना लागत होतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. शेवटच्या बाकापाशी जाऊन ती उभी राहिली. काचवाल्यांच्या मुलीने लगेच जागा दिली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. मग बाकावर ठेवलेलं स्वतःचं दप्तर ओढून मांडीवर घेतलं, आणि मैत्रीण बसली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण सुट्टी लागली तरी ती मामाकडे गेली नाही, हे मी आत्ताच सांगून टाकते.

घंटा झाल्यावर पुढारी माझ्याजवळ आला. नेहमीचा तोरा नव्हता. "बाई, गोल सगळ्यांच्याच दारावर होते का?"

"मला काय विचारतोस? घरी विचार," मी खेकसले. मला माझाच आवाज नको झाला होता. माझी खुर्ची घेतली आणि बाहेर पडले. माझ्या वर्गातल्या मुलांनी एकही गणित सोडवलेलं नव्हतं. सगळी भिंतीला कान लावून बसली होती, आणि मी त्यांना रागावले नाही.

मी आईबरोबर राहते. आमचं घर त्याच उताराच्या वरच्या टोकाला आहे, आईच्या लग्नापासूनचं. त्या संध्याकाळी घराशी आले आणि कडीला हात न लावता दाराकडे बघत उभी राहिले. कितीदा रंग दिलाय त्याला. मीच दिलाय, गेल्याच्या गेल्या वर्षी, हिरवा. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे? उभी का राहिलीस बाहेर?"

आत गेले. ती ओट्याशी पाट टाकून शेंगा सोलत बसली होती. चहा ठेवू का म्हणाली. मी चपला काढल्या, हात धुतले, तिच्यासमोर बसून दोन शेंगा सोलल्या. दिवसभर जे डोक्यात घुमत होतं ते काही केल्या खाली बसेना.

"आई," मी म्हटलं, "त्या वर्षी आपल्या दारावर चुन्याचा गोल होता?"

तिने हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे वाटीत टाकले. साल बाजूला ठेवली.

"कोण विचारतंय?"

"मीच विचारतेय, आई."

आईने वाटी बाजूला सरकवली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "आधी दार लाव."